पानगळ मागवली आहे

नातीच्या शाळेचा मेसेज रात्री साडेदहानंतर येतो. स्टेशनरीची दुकानं बंद झाली, पोर झोपलं आणि आईबापांनी नुकतेच पाय पसरले, याची खातरजमा केल्याशिवाय ही शाळा कुठलीही वस्तू मागत नाही. ऑक्टोबर चालू होता. पंखा पाचवर, पाठीवर घामोळं आणि पुण्याचं दुपारचं तापमान तेहतीस अंशांच्या आसपास. अशात फोन वाजला.

"डिअर पेरेंट्स, नेक्स्ट वीक वुई सेलिब्रेट ऑटम! मंडे, ऑरेंज डे. ट्यूजडे, लीफ डे. लाल, पिवळी, सुकलेली पाच पानं पाठवावीत, मेपल असल्यास उत्तम. वेन्सडे, पम्पकिन. थर्सडे, स्केअरक्रो. फ्रायडे, ऑटम फेस्ट. मुलांना स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून पाठवणे." खाली एक पान, एक भोपळा आणि एक खार.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. उभा जन्म पर्जन्यमापकातलं पाणी मोजण्यात आणि कालव्याचं आवर्तन टेलच्या शेतकऱ्यापर्यंत का पोचलं नाही, याचे खुलासे लिहिण्यात गेला. त्यामुळे ऋतूंचा विषय निघाला की घरात मला कोणी बोलू देत नाही. तरी बोललोच.

"अरे, थंड मुलखात दिवस लहान व्हायला लागला की पानातलं हिरवं द्रव्य मोडतं. मग आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसायला लागतो. काही झाडं तर लाल रंग नव्यानं तयार करतात. मग पान गळतं. आपल्या झाडांचं दुखणं वेगळं. त्यांना धास्ती पाण्याची. जमिनीतली ओल आटत आली की पानं टाकून देतात आणि खर्च कमी करतात. म्हणून साग, पळस, पांगारा ही मंडळी उघडीबोडकी होतात ती माघ-फाल्गुनाच्या सुमारास. आत्ता परतीचा पाऊससुद्धा पुरता गेलेला नाही. झाडांची टाकी काठोकाठ भरलेली आहे. ती कशाला पानं टाकतील?"

"बाबा," लॅपटॉपमधून मान वर न करता सूनबाई म्हणाली, "मंगळवारपर्यंत पाच पानं."

"तुम्हाला झाडंबिडं कळतात," चिरंजीवांनी भर घातली, "तर ऑटमचं तुम्हीच बघा."

सरकारी नोकरीतला पहिला धडा मी निवृत्तीनंतर विसरलो होतो. बैठकीत जो तोंड उघडतो, फाईल त्याच्याच टेबलावर येते.

आमच्या सौभाग्यवती एका बालवाडीत शिक्षिका होत्या. त्या ताटातले मटार सोलता सोलता म्हणाल्या, "ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, पुढं कोसबाडच्या टेकडीवर नेली. अनुताई वाघ होत्याच बरोबर. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, आसपास जे सापडेल तेच त्यांचं साधन. आसपास जे नाही तेच मागवायचं, हे काही त्यांना सुचलं नाही बिचाऱ्यांना."

मला मात्र शाळेचा राग आला नाही. बालोद्यानाची मूळ कल्पनाच फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थांची. त्यांनी आपली शाळा १८३७ साली जर्मनीत ज्या भागात काढली, तिथं ऑक्टोबरात पानं खरोखरीच गळतात. कल्पना तिथून निघाली आणि पानांसकट आपल्याकडे येऊन पोचली. माल उतरवून घेताना कोणी निवडून घेतलं नाही, इतकंच.

नारिंगी दिवस आरामात निभावला. त्या रंगाच्या कपड्यांना आपल्याकडे तोटा नाही. पोरांची रांग शाळेच्या फाटकातून बाहेर आली तेव्हा कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं सभा कुठल्या पक्षाची आहे, एवढंच विचारलं.

खरी कसोटी पानांची होती. सोसायटीच्या माळ्याला गाठलं.

"पडलेली पानं मिळतील का हो?"

तो ताठ झाला. "कुठं दिसलं पान? सकाळीच झाडलंय सगळं."

"तक्रार नाही. मला हवी आहेत."

"सेक्रेटरीसाहेबांनी पाठवलं का तुम्हाला?"

मी शपथेवर नाही म्हणालो. तरी त्याचा विश्वास बसेना. मागं एका ताईंच्या गाडीवर फांदी पडली होती, तेव्हा त्याची चौकशी झाली होती. पान गळणं हा आमच्या सोसायटीत निष्काळजीपणाचा प्रकार समजला जातो. शेवटी इकडं तिकडं बघत त्यानं मला पंपहाऊसच्या मागं नेलं आणि गोणीचं तोंड उघडून दाखवलं. आत ओली हिरवी पानं, वेफर्सची पाकिटं आणि कोणाचा तरी एक मोजा होता.

"रंगीतच पायजे ना?" तो म्हणाला. "मग हे क्रोटन घ्या की. बारा महिने रंगीत."

एक पान झालं. दुसरं फणसाचं मिळालं. फणसाची जुनी पानं पिवळी होऊन अधूनमधून पडत असतात, ऋतू कोणताही असो. तिसरं घरातच होतं. दसऱ्याला वाटलेलं सोनं टीव्हीखालच्या खणात सुकून तपकिरी झालं होतं. सौभाग्यवतींनी ते उजेडात धरून बघितलं. "हा आपटा नाही, कांचन आहे. तुम्हाला दर वर्षी फसवतात." असो. नकली हवामानात नकली सोनं चालून जातं.

चौथ्या पानाच्या शोधात नात माझ्याबरोबर होती. कुंपणाशी देशी बदामाचं झाड आहे. त्याची पानं ऐन पानगळीत लालबुंद होतात, पण एरवीही एखादं पान आपल्या मनानं रंगतं. असं एक पान नेमकं हाताला चार बोटं कमी पडेल इतक्या उंचीवर होतं. मी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची घेतली. खुर्चीचा मागचा एक पाय पूर्वी कधीतरी गेला होता आणि त्या जागी वीट लावली होती, हे वॉचमनला ठाऊक होतं. पान हातात आलं, वीट बाजूला गेली, आणि मी कर्दळीत बसलो.

नातीनं आधी पान उचललं, मग माझ्याकडं बघितलं. पान खरंच देखणं होतं. कडेनं गर्द लाल, मधल्या शिरेपाशी अजून हिरवं, आणि देठाजवळ कुठल्याशा अळीनं पाडलेलं गोल भोक. त्या भोकातून एक मुंगी वर यायची, दोन पावलं चालायची, पुन्हा भोकातून खाली जायची. नात उकिडवी बसली आणि त्या मुंगीचं येणंजाणं बघत राहिली. मी उठायला हात मागितला तर म्हणाली, "थांब ना आजोबा, तिला घर सापडत नाहीये."

पाचवं पान मेपलचं हवं होतं. दहा मिनिटांत वाणसामान आणून देणाऱ्या ॲपवर मेपलच्या पानांच्या प्लास्टिकच्या माळा मिळत होत्या. पालकांच्या गटावर कुणी तरी ही बातमी फोडली आणि अर्ध्या तासात आमच्या भागातला सगळा मेपल संपला. "एनीवन हॅज एक्स्ट्रा मेपल?" असा आक्रोश सुरू झाला. तेवढ्यात एका वडिलांनी फोटो टाकला. त्यांच्या मेव्हण्यानं टोरांटोहून मागच्या खेपेला आणलेलं अस्सल मेपलचं पान, लॅमिनेट केलेलं. गटावर टाळ्या, हृदयं आणि फटाके उडाले. ज्यांचे मेव्हणे परदेशी नाहीत, त्या घरांत त्या रात्री बरंच काही बोललं गेलं असावं.

मी लंगडत नाल्याकाठी गेलो. तिथं एरंड माजलेला असतो. हाताच्या पंजासारखं पान, कोवळं असलं की तांबूस. बिया विषारी म्हणून त्यांना हात न लावता मोठी दोन पानं तोडली. घरी आलो तर सौभाग्यवती खूश झाल्या. "बरं झालं आठवणीनं आणलंत. गुडघ्याला बांधायलाच हवं होतं." मी समजावून सांगेपर्यंत एक मेपल तव्यावर शेकून, तेल लावून माझ्या गुडघ्यावर बसला होता.

उरलेली जुळवाजुळव रात्री. पाचही पानं कार्डशीटवर चिकटवून वर 'ऑटम' ही अक्षरं घोटीव कागदातून कापून लावायची होती. ही 'चाइल्ड्स ओन ॲक्टिव्हिटी' असल्याचं सूचनेत ठळक अक्षरांत होतं. चाइल्ड साडेआठला झोपलं होतं. मी लहान मुलांची बोथट कात्री घेऊन बसलो. तिच्या कडीत माझा अंगठा अडकला तो साबण लावल्यावर निघाला. पहिलं अक्षर तिरकं गेलं, शेवटचं कागद संपल्यामुळं बारकं झालं, आणि फेविकॉल इतका सांडला की सकाळी टेबलावरचं वर्तमानपत्रही त्याच प्रकल्पाचा भाग झालं होतं.

शाळेत इतर पानांत आमचा एरंड उठून दिसला, असं सूनबाई सांगत आली. लॅमिनेट केलेलं पान त्याच्या मालकानं सुरक्षिततेच्या कारणास्तव दुपारीच परत नेलं होतं. ओसाड गावी एरंड बळी.

"वॉव, इज धिस मेपल?" मिसनी विचारलं म्हणे.

"नाही," नात म्हणाली, "ते गुडघ्याचं पान आहे."

घरी वर्कशीट आलं. साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी प्रश्न होता, पानांचा रंग का बदलतो? मी नातीला मांडीवर घेऊन सविस्तर सांगितलं. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, झाडाचं काटकसरीचं धोरण, सगळं. तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "पोह्यातला कढीपत्ता मी खाली टाकते, ते ऑटम?" मी तेच लिहून टाकलं. माझ्या खात्यात याहून वाईट कारणमीमांसा मंजूर झालेली मी पाहिलेली आहे.

भोपळ्याची गोष्ट आणखी निराळी. शाळेला हवा होता अख्खा, गोल, नारिंगी सालीचा. आपला लाल भोपळा आतून लाल, बाहेरून हिरवट-मातकट, आणि मंडईत तो फोडीनं मिळतो.

"अर्धा किलो फोड देऊ?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

"अख्खा हवाय. त्याला डोळे करायचेत."

मावशींचा हात थांबला. "डोळे?"

"डोळे आणि दात. आत दिवा लावायचा."

त्यांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा माझ्या बांधलेल्या गुडघ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, दारावर बांधायला कोहळा लागतो. भोपळा नाही चालत. आणि ते काम अमावास्येला करतात. कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"शाळेनं."

"शाळेत पण व्हायला लागलं काय आता?" असं पुटपुटत त्यांनी भोपळा दिला, पण पैसे हातात न घेता तागडीत ठेवायला लावले.

वास्तविक लाल भोपळा मूळचा अमेरिकेचाच. तिकडून समुद्रमार्गे येऊन तो इतका इथला झाला की म्हातारीला लेकीच्या घरून जंगलातून सुखरूप आणण्याच्या कामी आपण त्यालाच लावला. आता शतकांनंतर त्याच्यावर पुन्हा अमेरिकन तोंड कोरायचं, म्हणजे रेशनकार्डात नाव लागलेल्या माणसाला परत विमानात बसवण्यासारखं होतं. सालीनं कडक विरोध केला. एक डोळा गोल झाला, दुसरा सुरी घसरल्यामुळे कानापर्यंत गेला. आतला गर सौभाग्यवतींनी काढून नेला आणि त्याचे घारगे केले. नातीला तोंड, डोळे, दिवा यांत काडीचा रस नव्हता. तिनं कोपरापर्यंत हात आत घालून त्या बुळबुळीत दोऱ्यांतून एकेक बी सोडवली, बोटांतून निसटली की खिदळत पुन्हा पकडली, आणि सगळ्या बिया आजीच्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरल्या. शाळेच्या कार्यक्रमात बियांचा उल्लेख नसल्यामुळे या कामाची कुठं नोंद झाली नाही.

बुजगावण्याला माझा कुर्ता, माझी टोपी आणि माझा जुना चष्मा लागला. आदल्या दिवशी ते तयार करून बाल्कनीतल्या खुर्चीत बसवलं. संध्याकाळी शेजारचे निवृत्त प्राध्यापक समोरच्या बाल्कनीतून त्याच्याशी महागाईवर बराच वेळ बोलले. नंतर जिन्यात आमच्या सौभाग्यवतींना म्हणाले, "आज काकांशी फार छान गप्पा झाल्या. मध्ये एकदाही बोलले नाहीत."

हे सगळं बघून सौभाग्यवतींनी शाळेला एक सूचना पाठवली. आश्विन चालू आहे, कोजागरी व्हायची आहे, तर मुलांचा भोंडला करू या. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. हत्ती का, तर हस्त नक्षत्राचा पाऊस. खिरापतीचा डबा हलवून, आवाज ऐकून, वास घेऊन आत काय आहे ते ओळखायचं. त्यात ऋतूही आला, हालचालही आली, नाक-कानांचा अभ्यासही आला. मुख्य म्हणजे शेवटी खायला मिळतं. लगेच उत्तर आलं. "सो नाईस, आजी! बट दॅट इज कल्चर. धिस वीक इज नेचर." कल्चर वीक जानेवारीत होता.

शुक्रवारी दुपारी चार वाजता नेचरचा समारोप होता. माळ्यावरच्या ट्रंकेतून स्वेटर काढला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा असा दर्प होता की रिक्षावाल्यानं दोन्हीकडचे पडदे वर गुंडाळले. शाळेच्या पटांगणात चाळीसेक चिमुकली माणसं कानटोप्यांत लालबुंद होऊन उभी होती. कुणाची टोपी डोळ्यांवर आलेली, कुणी मफलर तोंडात घेतलेला. चारी बाजूंनी क्रेप कागदाच्या नारिंगी पताका, प्लास्टिकच्या मेपलमाळा आणि मध्यभागी माझ्या कुर्त्यातलं बुजगावणं. मी आकाशाकडं बघितलं. डोंगराच्या बाजूला फुलकोबीसारखे ढग उंच चढले होते, वारा पडला होता आणि घाम वाळत नव्हता. मिसना म्हटलं, "अर्ध्या तासात पाऊस येणार."

त्यांनी मला फोन दाखवला. फोनमध्ये सूर्य होता.

मिसनी माईक हातात घेतला. "चिल्ड्रन, ऑटममध्ये काय पडतं?"

"लीव्ज!" पोरं ओरडली.

गलका ओसरल्यावर आमच्या नातीचा खणखणीत आवाज आला. "आजोबा!"

लोक हसायला लागले आणि त्याच हशात पहिला गडगडाट मिसळला. पुढचं सगळं फार वेगानं झालं. धुळीचा लोट उठला. पटांगणावरच्या पर्जन्यवृक्षानं इतके दिवस एक पान म्हणून सोडलं नव्हतं, त्यानं वाऱ्यासरशी फांद्या हलवल्या आणि चिमुकली हिरवीगार पानं सगळ्यांच्या डोक्यांवर ओतली.

"मिस, पडली! पानं पडली!" पोरांनी एकच कल्ला केला. आठवडाभर जे ऐकलं, ते पहिल्यांदाच घडत होतं. रंग तेवढा चुकला होता.

मागोमाग टपोरे थेंब आले. क्रेप कागदाचा नारिंगी रंग सुटला आणि पालकांच्या पांढऱ्या कपड्यांवरून खाली ओघळायला लागला. स्वेटर पाणी पिऊन गुडघ्यांपर्यंत लांबले. मग पोरांनीच ते काढून फेकले, कानटोप्यांत पाणी भरून एकमेकांवर ओतलं आणि 'पानांचा रंग का बदलतो' या वर्कशीटच्या होड्या करून सोडल्या. पाणी तुंबायला लागलं, कारण मेपलच्या माळा वाहत जाऊन गटाराच्या जाळीत अडकल्या होत्या. इथं मात्र कोणी मला 'बाबा, तुम्ही बसा' म्हणालं नाही. मी पायजमा वर केला, काठीनं माळा ओढून काढल्या आणि पाणी टेलपर्यंत पोचवलं. आख्ख्या नोकरीत जे जमलं नाही, ते एका प्रीस्कूलच्या पटांगणात करून दाखवलं. टाळ्या फक्त वॉचमननं वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात नातीची प्रगतिपुस्तिका आली. ऑटम वीकमधल्या हस्तकलेवर मिसनी बारकाईनं शेरे लिहिले होते. सौभाग्यवतींनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचून दाखवले.

"'कात्री धरण्याचा सराव हवा. कापताना रेषेबाहेर जाते. डिंक गरजेपेक्षा जास्त वापरते. हाती घेतलेलं काम नीटनेटकं पूर्ण करत नाही. घरी प्रोत्साहन द्यावं.'"

चिरंजीव आणि सूनबाई मान खाली घालून चहा पीत होते. नात कुंडीतली माती उकरून बिया उठल्या का ते बघत होती. सौभाग्यवतींनी पुस्तिका मिटली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"हुशार आहेत हो बाई. मला हे कळायला लग्नानंतर चांगली चार-पाच वर्षं लागली होती."